कॉलेजच्या प्रकल्पासाठी कोणता स्रोत विश्वासार्ह मानायचा?

तुम्ही लिहिलंय की टी.वाय.बी.ए.ला आहात, प्रकल्पाचा विषय 'पानशेतचा पूर आणि पुणे' घेतलाय, नेटवर ढीगभर माहिती सापडतेय आणि मॅडम सारखं 'विश्वासार्ह स्रोत वापरा' म्हणतायत. मी पुण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात बरीच वर्षं काम करतेय. असा प्रश्न घेऊन कुणी टेबलापाशी आलं की मी आधी उलट विचारते: तुम्हाला नेमकं काय शोधायचंय?

कारण 'पानशेतचा पूर' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. धरण का फुटलं, हा एक प्रश्न. त्या दिवशी पेठांमधल्या माणसांनी काय पाहिलं, हा दुसरा. पुरानंतर शहर कुठं आणि कसं पसरलं, हा तिसरा. ही गोष्ट कोणाला माहीत असणार आणि त्यांनी ती कुठं नोंदवून ठेवली असणार, एवढं स्वतःला विचारलंत की निम्मी शोधाशोध वाचते.

धरण का फुटलं यासाठी सरकारनं नेमलेल्या चौकशी आयोगाचा अहवाल पाहावाच लागेल. १२ जुलै १९६१ च्या सकाळी पानशेत फुटलं तेव्हा त्याचं काम अजून पुरं व्हायचं होतं, आणि त्या लोंढ्यानं खालचं खडकवासला धरणही फुटलं. तांत्रिक भाग जड जाईल. सिव्हिलला शिकणारा एखादा मित्र शेजारी घेऊन बसा. पण नदीकाठच्या वाड्यातल्या एखाद्या बिऱ्हाडाचं काय झालं, हे त्या अहवालात शोधू नका.

त्यासाठी 'सकाळ' आणि 'केसरी'चे त्या वर्षीचे अंक आहेत. मुलं फक्त १३-१४ जुलैचे अंक मागतात. मी म्हणते, दिवाळीपर्यंतचे चाळा. पहिल्या दोन-तीन दिवसांत घाईत छापलेली बातमी पुढं दुरुस्त होते, आकडे बदलतात. मृतांचा आकडा तर आजही वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळा दिसतो. तिथं एकच आकडा उचलू नका; कोणी, कधी आणि कशाच्या आधारावर दिला, तेही लिहा.

पूर पाहिलेली माणसं अजून आहेत आणि त्यांच्याशी बोलणं राहून गेलं तर ते पुन्हा मिळणार नाही, म्हणून हे काम सगळ्यात आधी करा. मागं एका विद्यार्थिनीनं आपल्या आजीची मुलाखत आणली होती. धरणात किती पाणी होतं, सरकारचं कुठं चुकलं, असं सगळं आजींना विचारलेलं. आजींनी उत्तरं दिली, पण ती सगळी ऐकीव. मी तिला परत पाठवलं आणि सांगितलं, 'पाणी कुठवर आलं होतं, तेवढं विचार.' पुढच्या आठवड्यात तिनं लिहून आणलं: जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत पाणी, माळ्यावर चढवलेली धान्याची पोती, आणि ओसरल्यावर देवघरातून घमेल्यानं उपसलेला चिखल. तिच्या अख्ख्या प्रकल्पात मला ते पान सर्वांत मोलाचं वाटलं. माणसानं स्वतः पाहिलेलं विचारा, मग आठवणीसारखा दुसरा स्रोत नाही.

तिसऱ्या प्रश्नात एक खाचखळगा आहे, त्यात दरवर्षी कुणीतरी पडतं. पुरानंतरचं पुणे दाखवायला मुलं १९६१ ची जनगणना घेतात. वर्ष तेच असलं तरी ती मोजणी १ मार्च १९६१ च्या स्थितीची आहे आणि पूर आला जुलैमध्ये! म्हणजे ते आकडे पुराआधीच्या पुण्याचे. नंतरचं चित्र १९७१ च्या जनगणनेत शोधायचं, आणि लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर कशी वसली ते महापालिकेच्या कागदांत. पुराआधी शहरात लोक कसे राहत होते हे हवं असेल तर पुण्यातल्या गोखले इन्स्टिट्यूट या अर्थशास्त्राच्या संशोधन संस्थेनं अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या काळात केलेली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी वाचा. तिचे भाग १९४५ आणि १९५२ मध्ये प्रसिद्ध झाले. जिल्हा गॅझेटिअरची, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथाची, सुधारित आवृत्ती १९५४ ची आहे, तेव्हा त्यात पूर सापडणार नाही.

विकिपीडिया वाचा, पण आधार म्हणून त्याचं नाव देऊ नका. खालच्या तळटिपांतून मूळ कागदापर्यंत जा. शोधगंगा या संकेतस्थळावरच्या पीएच.डी. प्रबंधांचंही तेच, शेवटची संदर्भसूची आधी उघडा. एआयनं दिलेला संदर्भ मात्र प्रत्यक्ष हातात पडेपर्यंत लिहू नका. गेल्या वर्षी एक मुलगा पुस्तकाचं नाव, लेखक आणि पान क्रमांक अशी चिठ्ठी घेऊन आला. दोन दिवस आम्ही शोधलं. असं पुस्तक कधी निघालेलंच नव्हतं, आणि त्याच्या प्रकल्पाचं एक अख्खं प्रकरण त्यावर उभं होतं. त्याचा पडलेला चेहरा मला अजून आठवतो.

जुने अंक पाहायला जाताना कॉलेजचं पत्र न्या आणि आधी विचारून जा, बांधीव खंड बऱ्याचदा आतून काढून ठेवावे लागतात. कागद ठिसूळ झालेला असतो, घडीवर बोट दाबलं तरी तुकडा सुटतो, तेव्हा दोन्ही हातांनी पान उलटा. फोटो काढायची परवानगी मिळाली तर प्रत्येक फोटोबरोबर अंकाची तारीख आणि पान क्रमांक तिथल्या तिथं वहीत उतरवा.