बेस गिटारवर वेग हवाय? आधी हात सैल सोड

वेगाची घाई करू नकोस. मेट्रोनोम (ठरावीक वेगाने ठोके देणारं यंत्र) ६० वर, म्हणजे मिनिटाला ६० ठोक्यांवर लाव आणि एकाच तारेवर, एकाच स्वरावर, प्रत्येक ठोक्याला चार आघात वाजव: तर्जनी, मधलं बोट, तर्जनी, मधलं बोट. इतकंच. चारही आघात सारखे ऐकू आले पाहिजेत. एखादं बोट लंगडत असेल तर त्याच बोटाने सुरुवात करून बघ.

तार ओरबाडू नकोस. जोर लावला की बोट तारेत खोल जातं आणि परत यायला उशीर होतो. अँपचा (अँप्लिफायरचा) आवाज वाढव, हात हलका ठेव. मनगट आखडलं की लगेच थांब. दुखत असताना रेटत राहणं मला अजिबात पटत नाही.

सगळं साफ वाजलं की मेट्रोनोम चार-चारने वाढव. १२० ला सेकंदाला ८ आघात होतात. तिथे डाव्या हाताचं काम खरं कळतं: बोट तारेवरच ठेवून नुसता दाब सोडला की स्वर तुटतो आणि मधला आघात 'टक्' एवढाच वाजतो. त्या 'टक्'मुळेच ताल डोलायला लागतो. आणि वाजवलेलं रेकॉर्ड करून ऐक, वाजवताना न कळलेली घसरण तिथे लगेच सापडते.