एकच फोटो, तीन फोल्डर: ठेवायचा कुठे?

प्रश्न: आम्ही नाशिकमधले काही जण मिळून शहराच्या जुन्या फोटोंचा संग्रह कॉम्प्युटरवर करतोय. प्रोग्राम पायथनमध्ये आहे आणि डेटा झेडओडीबीत (पायथनचे ऑब्जेक्ट थेट साठवणारा डेटाबेस), फोल्डर आणि सर्चसाठी झोप (Zope) या पायथन फ्रेमवर्कची कंटेनर (फोल्डरसाठी), इंटआयडी (प्रत्येक ऑब्जेक्टला एक आकडा देणारं) आणि कॅटलॉग (सर्चची सूची) ही पॅकेजेस वापरलीत. काळाराम मंदिराचा एक फोटो आहे, तो 'मंदिरं' या फोल्डरमध्ये पण हवाय, 'सत्याग्रह १९३०' मध्ये पण आणि 'पंचवटी' मध्ये पण. मी तोच ऑब्जेक्ट याच क्रमाने तिन्हीकडे टाकला, एरर काही आला नाही. पण नंतर 'पंचवटी'तून काढला तर तो सर्चमधूनच गेला, आणि बाकी दोन फोल्डर उघडले की मात्र दिसतोय. असं का होतंय? सरळ तीन कॉप्या करून टाकू का?
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर: कॉप्या अजिबात करू नका. उद्या कोणी म्हातारे गृहस्थ येऊन सांगतील की हा फोटो त्या सालचा नाहीच, मग तुम्ही एका कॉपीतली ओळ सुधाराल आणि दोन ठिकाणी चुकीची माहिती तशीच राहील, आणि २ मार्च १९३० ला ज्या मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला त्याच्या फोटोखाली चुकीचं साल असणं ही काय साधी गोष्ट नाहीये.

आता तुमचा घोळ कुठे झाला ते बघू. डेटाबेसची यात काहीच तक्रार नाही. झेडओडीबीत प्रत्येक पर्सिस्टंट (स्वतंत्र रेकॉर्ड म्हणून साठवल्या जाणाऱ्या) ऑब्जेक्टला स्वतःचा ८ बाइटचा ओआयडी, म्हणजे ओळख क्रमांक, असतो, फोटोचं रेकॉर्ड एकदाच लिहिलं जातं आणि फोल्डरच्या रेकॉर्डमध्ये फक्त तो ओआयडी असतो, त्यामुळे तीन काय तीनशे फोल्डरांनी एकाच फोटोकडे बोट दाखवलं तरी फोटो एकच राहतो. फक्त फोटोचा क्लास 'पर्सिस्टंट' या मूळ क्लासवरून बनवलेला हवा. साधी पायथनची लिस्ट दोन ऑब्जेक्टमध्ये शेअर केलीत तर कमिट (बदल पक्के) करून परत लोड केल्यावर दोन वेगळ्या लिस्ट हातात येतात, कारण ती ज्याच्या त्याच्या रेकॉर्डमध्ये आख्खी उतरते. टॅगची यादी वगैरे शेअर करत असाल तर हे आत्ताच तपासा.

अडचण आहे ती वरच्या थरात. झोपच्या कंटेनरमध्ये ऑब्जेक्ट टाकला की कंटेनर त्या ऑब्जेक्टवर दोन गोष्टी लिहून ठेवतो, पेरेंट (तो कुठल्या फोल्डरचा) आणि नेम (तिथलं नाव), आणि पेरेंटला जागा एकच आहे. तुम्ही 'मंदिरं'मध्ये टाकलात तेव्हा पेरेंट 'मंदिरं' झाला आणि ऑब्जेक्ट नवीन आल्याचा इव्हेंट, म्हणजे बाकीच्या पॅकेजेसना सूचना, गेला. मग 'सत्याग्रह'मध्ये टाकलात, तेव्हा कंटेनरला वाटलं की फोटो तिकडून इकडे हलवलाय, म्हणून त्याने मूव्हचा इव्हेंट पाठवला आणि पेरेंट बदलला, पण जुन्या फोल्डरमधून काढलं कोणीच नाही. 'पंचवटी'त पुन्हा तेच. म्हणजे शेवटी फोटोच्या लेखी त्याचं घर 'पंचवटी' एवढंच. तिथून काढलात तेव्हा रिमूव्हचा इव्हेंट गेला, तो ऐकून इंटआयडीने नोंद खोडली, कॅटलॉगने फोटो इंडेक्समधून काढला, आणि पेरेंट रिकामा झाला. तुम्ही आधी 'मंदिरं'मधून काढला असता तर यातलं काहीच झालं नसतं, कारण तो फोल्डर पेरेंट नव्हता, तेव्हा नुसतं फोल्डर बदलल्याचं कळवलं जातं. एकच काम, पण कुठल्या फोल्डरमधून करता त्यावर निकाल वेगळा, अशा पायावर संग्रह उभा करायचा नसतो. शिवाय परवानग्याही पेरेंट बघत वर चढत जाऊन ठरतात, म्हणजे फोटो कोणी बघायचा हे तुम्ही तो शेवटी कुठे टाकला त्यावर ठरणार!

माणूस चार मंडळांचा सभासद असतो पण रेशनकार्डावर नाव एकाच घरात असतं, तसं करा. 'फोटो' नावाचा एकच मोठा कंटेनर ठेवा, बीट्रीवर (यादी छोट्या तुकड्यांत साठवणारी रचना) उभारलेला, म्हणजे हजारो फोटो झाले तरी प्रत्येक बदलाला आख्खी यादी परत लिहावी लागत नाही. त्यात फोटोचं नाव म्हणून तुमच्या रजिस्टरमधला नोंदणी क्रमांकच द्या, विषय घालू नका. स्कॅनची मोठी फाइल ब्लॉबमध्ये (वेगळी फाइल म्हणून) ठेवा. आणि 'मंदिरं', 'सत्याग्रह १९३०', 'पंचवटी' हे यापुढे फोल्डर नाहीतच, ते अल्बम, ज्यात फोटो नसतो तर फोटोचा इंटआयडी असतो. फोल्डरवर आपण दोन कामं लादतो, वस्तू ठेवणं आणि वस्तू मांडणं, आणि माझ्या मते सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. मांडणी हवी तितक्या प्रकारे करा, ठेवण्याची जागा एक.

नुसते टॅग लावून सर्चवर का नाही भागवायचं असं तुम्ही विचाराल. पंचवटीला चालेल. पण सत्याग्रहाच्या फोटोंना क्रम लागतो, आधी काय झालं नंतर काय झालं, तो माणसानेच लावायचा असतो, म्हणून तिथे पर्सिस्टंट लिस्टच हवी. फोटो कुठल्या कुठल्या अल्बममध्ये आहे हे उलटं शोधायला कॅटलॉगमध्ये एक कीवर्ड इंडेक्स (एका फोटोला अनेक नोंदी लावता येणारी सूची) ठेवा. अल्बम दाखवताना आकड्यावरून फोटो मिळवायला इंटआयडीच्या गेटऑब्जेक्टऐवजी क्वेरीऑब्जेक्ट वापरा, म्हणजे फोटो डिलीट झालेला असला तर की-एरर येऊन पान पडत नाही, नन (None, म्हणजे 'काही नाही') मिळतो, तो वगळून पुढे जायचं.

ही अडचण एकट्या झोपची नाही बरं का. गूगल ड्राइव्हमध्ये पूर्वी एक फाइल अनेक फोल्डरमध्ये ठेवता यायची, ३० सप्टेंबर २०२० पासून त्यांनी नवीन फाइलसाठी ते बंद केलं, फाइलचं ठिकाण एकच आणि बाकीकडे शॉर्टकट.

आता आत्तापर्यंत टाकलेल्या फोटोंचं काय, तर आधी प्रत्येक फोटो नव्या 'फोटो' कंटेनरमध्ये टाका आणि मगच जुन्या फोल्डरांतून काढा. नव्या कंटेनरमध्ये टाकताच तोच पेरेंट होतो, मग जुन्यातून काढताना रिमूव्हचा इव्हेंट जात नाही आणि इंटआयडी टिकतो. उलटं केलंत तर सगळे सर्चमधून जातील. तुमचा तो हरवलेला फोटो मात्र पेरेंट रिकामा असल्यामुळे नवीन म्हणून येईल, त्याला नवा इंटआयडी मिळेल, तेव्हा जुना आकडा कुठे लिहून ठेवला असेल तर बदलून घ्या.

प्रश्न: वरच्यासारखंच माझ्याकडे आहे. ऑब्जेक्ट सगळ्या फोल्डरांतून काढला तरी डेटाची फाइल लहान होत नाही, उलट वाढते.
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: बरोबरच आहे. फाइलच्या शेवटाला नवीन रेकॉर्ड जोडत जायचं अशी तिची पद्धत आहे, काढणं हासुद्धा फोल्डरचा नवीन रेकॉर्डच. पॅक (साफसफाईची आज्ञा) चालवलंत की रूटपासून, म्हणजे डेटाबेसच्या सगळ्यात वरच्या ऑब्जेक्टपासून, ज्याच्यापर्यंत कुठूनच पोचता येत नाही ते ऑब्जेक्ट आणि जुन्या आवृत्त्या जातात. पॅक करूनही जागा सुटली नाही तर कुठेतरी एखादा फोल्डर किंवा लिस्ट अजून त्या ऑब्जेक्टला धरून बसलीये, ती शोधा. आणि पॅकच्या आधी बॅकअप घ्याच, पॅक झालं की अनडू नाही.