गोळीबार चालू असताना अधिकारी पुढे राहून नेमकं काय करतो? खरं उदाहरण सांगाल का?

रणगाड्यांवर लढून परमवीर चक्र मिळवणारे तारापोर किंवा खेत्रपाल यांची नावं तुम्ही ऐकलेली असणारच. मी रामा राघोबा राणे यांचं सांगतो. मी रस्त्याच्या कामांवर साइट इंजिनिअर आहे, त्यामुळे असेल, पण त्यांचं परमवीर चक्राचं मानपत्र वाचताना माझी नजर सारखी वेळांवर जाते.

एप्रिल १९४८, पाकिस्तानशी पहिलं काश्मीर युद्ध. झांगड हे ठाणं परत घेतल्यावर आपल्या फौजेला नौशेराहून राजौरी गाठायची होती. रस्ता डोंगरातला, आणि शत्रूने तो जागोजागी तोडून, झाडं आडवी टाकून, सुरुंग पेरून ठेवलेला. रणगाडे होते, पण त्यांना पुढे जायला वाट नव्हती. ती करायचं काम ३७ असॉल्ट फील्ड कंपनीच्या सेकंड लेफ्टनंट राणे यांच्याकडे आलं. बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलाचा माणूस, गाव कारवारजवळचं चेंडिये.

८ एप्रिलला सुरुंग काढायला सुरुवात करतात न करतात तोच तोफगोळे पडले. दोन सॅपर जागीच गेले, पाच जखमी, त्यांत राणे स्वतः. त्यांनी उरलेली टोळी तिथल्या तिथे जुळवली आणि काम पुन्हा धरलं. संध्याकाळी डोग्रा पलटणीने बरवालीचा कडा घेतला, पण आसपास शत्रू होताच. तरीही राणे माणसं घेऊन पुढे सरकले आणि मशीनगनच्या माऱ्यात रात्री उशिरापर्यंत रणगाड्यांसाठी डायव्हर्शन काढत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला परत हजर. दुपारी ३ ला डायव्हर्शन तयार.

मग रणगाड्यांची रांग निघाली आणि राणे सगळ्यांत पुढच्या गाडीत बसले. अर्ध्या मैलावर पाइनची झाडं आडवी. खाली उतरून सुरुंगाने उडवली. थोडं पुढे गेलं की पुन्हा तेच. मग रस्त्याखालची उडवलेली मोरी, आणि समोरून मशीनगन. तिथेही बाजूने वाट काढली. १० तारखेला पहाटे पावणेपाचला काम सुरू, साडेसहाला अडथळा साफ, साडेदहापर्यंत पुढचे हजार यार्ड मोकळे. ११ ला सकाळी ११ वाजता चिंगसपर्यंत रस्ता खुला. त्यानंतरही रात्री १० पर्यंत पुढचं काम चालूच. १२ एप्रिलला राजौरी हाती आलं.

एका ठिकाणी ते चालत्या रणगाड्याखाली सरपटत पुढे गेले आणि थांब की चल हे चालकाला दोरी ओढून कळवत होते, असंही सांगतात.

आता तुमच्या प्रश्नाकडे. अधिकाऱ्याने नेहमी सर्वांत पुढेच असावं असं मला वाटत नाही. बटालियनचा प्रमुख ऊठसूट पुढच्या खंदकात जाऊन बसला, तर बाकीच्या कंपन्यांना हुकूम कोण देणार? पण राण्यांचं काम मागून होणारं नव्हतं. झाडाखाली सुरुंग आहे का, दारू किती लावायची, डायव्हर्शन दरीच्या अंगाने काढायचं की डोंगराच्या, मऊ मातीत रणगाडा रुतेल का, हे जागेवर उभं राहूनच ठरतं. शांततेच्या काळातही आम्ही हे निर्णय फोनवर घेत नाही. आणि दोन सोबती डोळ्यांदेखत गेल्यावर उरलेल्यांचे हात पुन्हा सुरुंगाकडे वळतात, ते जखमी साहेब स्वतः तिथे वाकलेला दिसतो म्हणून.

‘सेकंड लेफ्टनंट’ वाचून कोवळा पोरगा मात्र डोळ्यांसमोर आणू नका. राणे तेव्हा तिशीला टेकले होते. १९४० मध्ये साधे शिपाई म्हणून भरती झालेले. अधिकारी होऊन जेमतेम चार महिने झालेले. ब्रह्मदेशात माघारीच्या वेळी दारूगोळ्याचा साठा नष्ट करायला त्यांना थोड्या माणसांसह मागे ठेवलं होतं. काम झाल्यावर आरमाराची बोट त्यांना उचलणार होती. तो बेत फसला. तेव्हा राण्यांनी जपानी गस्त चुकवून आपल्या माणसांना नदीपार काढलं. त्या वेळी ते अधिकारीही नव्हते.