पंधरा गुणांची लढत : वाचकांचे प्रश्न

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’ या विद्यार्थ्यांच्या प्रश्नमंजुषेविषयी या वेळी पाच पत्रे आली आहेत. हा कार्यक्रम १९६२ मध्ये सुरू झाला. पहिली पंचवीस वर्षे बॅम्बर गॅस्कॉइन यांनी त्याचे संचालन केले. १९८७ मध्ये तो बंद पडला आणि १९९४ पासून बीबीसीवर पुन्हा सुरू झाला, तेव्हापासून २०२३ पर्यंत जेरेमी पॅक्समन हे प्रश्न विचारत असत आणि त्यांच्यानंतर ते काम कोलकात्यात जन्मलेले अमोल राजन यांच्याकडे आले. पाचही पत्रांचा रोख चुरशीच्या सामन्यांवर असल्यामुळे त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत.

प्रश्न : २०१९ च्या अंतिम सामन्यात एडिनबरा विद्यापीठाने ऑक्सफर्डच्या सेंट एडमंड हॉलचा १५५-१४० असा पराभव केला. पंधरा गुणांनी मिळालेला विजय म्हणजे निव्वळ नशीब, असे माझा भाऊ म्हणतो. ते बरोबर आहे का?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : आपल्या भावाशी आम्ही सहमत नाही. मात्र त्यांना असे का वाटले असेल, हे गुणांचा हिशोब मांडला की लगेच कळते. प्रत्येक संघात चार विद्यार्थी असतात. ‘स्टार्टर’ म्हणून ओळखला जाणारा प्रश्न दोन्ही संघांना एकदमच विचारला जातो, जो आधी बझर दाबेल त्याने आपसांत चर्चा न करता एकट्याने उत्तर द्यायचे असते आणि ते बरोबर आले तर संघाला १० गुण मिळतात. या १० गुणांबरोबरच त्या संघाला तीन बोनस प्रश्नांचा हक्क मिळतो. त्यांवर चौघांनी मिळून विचार करायचा असतो, आणि प्रत्येक बरोबर उत्तराला ५ गुण असतात. याचा अर्थ एका फेरीत जास्तीत जास्त २५ गुण मिळतात, आणि पंधरा गुणांची आघाडी ही एका पूर्ण फेरीपेक्षाही लहान असते.

आता मागे असलेल्या संघाच्या बाजूने पाहा. त्याने एक स्टार्टर जिंकला आणि एकच बोनस मिळवला, तर बरोबरी होते. दोन बोनस मिळवले, तर तो पाच गुणांनी पुढे जातो. म्हणूनच अशा सामन्यातील शेवटची मिनिटे पाहताना श्वास रोखला जातो, आणि ती ओढ आम्हालाही प्रत्येक वेळी तितकीच जाणवते. पण हाच हिशोब आणखी एक गोष्ट दाखवतो. पंधरा गुण म्हणजे तीन बोनस, आणि ते तीन बोनस अर्ध्या तासात कुठेही निसटलेले असू शकतात. सहाव्या मिनिटाला एखाद्याला उत्तर माहीत होते, पण त्याने ते इतक्या हळू आवाजात सांगितले की कर्णधाराला ऐकूच गेले नाही, असे झाले असेल, तर तो पराभव शेवटच्या घंटेच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. प्रेक्षकांना शेवटचा प्रश्न निर्णायक वाटतो, कारण तो त्यांच्या स्मरणात ताजा असतो. गुणफलकावर मात्र पहिल्या बोनसचे पाच गुण आणि शेवटच्या बोनसचे पाच गुण यांत काहीच फरक नसतो.

प्रश्न : प्रश्न पूर्ण होण्याआधी बझर दाबून चुकीचे उत्तर दिले, तर पाच गुण वजा होतात. हुशार आणि चपळ मुलांना ही शिक्षा कशासाठी?
— निवृत्त शिक्षक, बेळगाव

उत्तर : आपली तळमळ आम्ही समजू शकतो, तरीही हा नियम आम्हाला न्याय्य वाटतो. एक नमुना पाहा. समजा, संचालकांनी वाचायला सुरुवात केली, “१ मे १९६० रोजी अस्तित्वात आलेल्या दोन राज्यांपैकी…” आणि एका विद्यार्थ्याने तेवढ्यावरच बझर दाबून “महाराष्ट्र” असे उत्तर दिले. प्रश्नाचा उरलेला भाग असा होता : “…ज्या राज्याची राजधानी आरंभी अहमदाबाद येथे होती, ते कोणते?” उत्तर गुजरात. विद्यार्थ्याला दोन्ही राज्ये ठाऊक होती, त्याचे ज्ञान कमी पडले नाही. प्रश्न कुठे वळणार आहे याचा त्याचा अंदाज चुकला, आणि दंड त्या अंदाजाला आहे. प्रश्न पूर्ण ऐकून घेऊन चुकीचे उत्तर दिले तर एकही गुण वजा होत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे नियमाचा हेतू स्पष्ट होतो.

खरी किंमत त्या पाच गुणांच्याही पलीकडे आहे. चुकीच्या उत्तरानंतर प्रतिस्पर्धी संघाला तोच प्रश्न पूर्ण ऐकायला मिळतो. त्याने बरोबर उत्तर देऊन तिन्ही बोनस मिळवले, तर एका घाईमुळे सामना तीस गुणांनी फिरतो. पंधरा गुणांनी पुढे असलेल्या संघाने अशी चूक केली, तर आघाडी दहावर येते. प्रतिस्पर्ध्याने तोच स्टार्टर जिंकला की बरोबरी होते आणि तीन बोनस अजून शिल्लक असतात. म्हणून अटीतटीच्या सामन्यात आघाडीवरच्या संघाचे हात बझरवर थबकलेले दिसतात, तर मागे पडलेला संघ धोका पत्करतो. आपण शिक्षक आहात, म्हणून एक विनंती करावीशी वाटते : चपळाईचे कौतुक करताना, प्रश्न कोणत्या शब्दावर निश्चित होतो हे ऐकून तिथेच बझर दाबणाऱ्या विद्यार्थ्याचेही आपण कौतुक करावे. ते कौशल्य अधिक दुर्मीळ आहे.

प्रश्न : घंटा झाली तेव्हा गुण समान असतील तर काय होते? आणि थोडक्यात हरलेल्या संघाला पुन्हा संधी मिळते का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : गुण समान असतील तर आणखी एक स्टार्टर विचारला जातो आणि त्याचे बरोबर उत्तर देणारा संघ जिंकतो. कोणालाच उत्तर आले नाही तर पुढचा प्रश्न येतो. मात्र येथेही मध्येच बझर दाबून चुकीचे उत्तर दिल्यास पाच गुण जातात, आणि त्यासोबत सामनाही.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. पहिल्या फेरीत अठ्ठावीस संघ खेळतात आणि हरलेल्यांपैकी सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या चार संघांना आपसांत खेळून पुढे जाण्याची संधी दिली जाते. त्यामुळे पराभव समोर दिसत असतानाही शेवटचा बोनस जिवाच्या आकांताने सोडवणारा संघ वेडेपणा करत नसतो.

प्रश्न : एका बाजूला अख्खे एडिनबरा विद्यापीठ आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सफर्डमधील एक महाविद्यालय, ही लढत समान म्हणता येईल का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : हा वाद जुना आहे. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजची महाविद्यालये स्वतंत्रपणे संघ पाठवतात, त्यामुळे या दोन विद्यापीठांचे एकाहून अधिक संघ स्पर्धेत असतात. याचा निषेध म्हणून १९७५ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाच्या संघाने प्रश्नामागून प्रश्नाला चे गव्हेरा, मार्क्स, ट्रॉट्स्की, लेनिन अशी उत्तरे दिली होती. त्यांचा आक्षेप रास्त होता, असे आमचे मत आहे. पण एका सामन्यापुरते पाहिले तर महाविद्यालयाला निवडीसाठी विद्यार्थी कमी मिळतात, म्हणजे त्या लढतीत उणी बाजू त्याचीच असते. आपल्याकडेही सिद्धार्थ बसू यांच्या संचालनाखाली या कार्यक्रमाची भारतीय आवृत्ती झाली. तिचा २००३-०४ चा पहिला हंगाम मुंबईच्या सरदार पटेल अभियांत्रिकी महाविद्यालयाने जिंकला होता.

प्रश्न : आमचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत याच पद्धतीने खेळणार आहे. सरावात कशावर भर द्यावा?
— कला शाखेचा विद्यार्थी, लातूर

उत्तर : बोनसवर. बहुतेक संघ आठवडेच्या आठवडे बझरचा सराव करतात आणि चौघांनी मिळून विचार करण्याचा सराव मुळीच करत नाहीत. बोनसचे उत्तर कर्णधाराने द्यायचे असते. सहकाऱ्याला उत्तर अधिक नीट येत असेल तर कर्णधार त्याचे नाव घेऊन त्याला बोलू देऊ शकतो. उच्चाराला अवघड अशी परदेशी नावे असतील तेव्हा ही सोय जरूर वापरावी. कोणत्या विषयात कोणाचा शब्द अखेरचा मानायचा, हे आधीच ठरवून ठेवावे. विषय त्याचा असेल तर त्याच्या अंदाजालाही इतरांच्या अंदाजापेक्षा अधिक वजन द्यावे. आपण म्हणतो त्याची किती खात्री आहे, हे प्रत्येकाने उत्तरासोबतच सांगावे. “मला वाटते” आणि “मला माहीत आहे” हे दोन शब्दप्रयोग संघात काटेकोरपणे वेगळे वापरले, तर कर्णधाराला तीन-चार सेकंदांत निवड करता येते. पॅक्समन विचारात गढलेल्या संघांना घाई करण्यासाठी प्रसिद्ध होते. आपल्या सरावातही कोणीतरी तशी घाई करणारा असावा, आणि ते काम शक्यतो संघाबाहेरच्या मित्राकडे द्यावे.