आधी श्वास मोज

प्रिय बाळ,

सप्रेम सलाम. तुझं पत्र मिळालं. नर्सचा दिवस चादरी बदलण्यात आणि चार्ट भरण्यात जातो, यातून देवाचं गौरव कसलं होणार, त्यापेक्षा नोकरी सोडून बायबल कॉलेजला जाते, असं लिहिलंयस. त्याच पत्रात जाता जाता हेही लिहिलंयस की रात्रपाळीत रोग्यांचे श्वास कोणीच मोजत नाही, सगळ्यांच्या चार्टवर मिनिटाला वीस टाकून मोकळे होता. बायबल कॉलेजचं वाचून मला काळजी वाटली नाही. त्या वीसने मात्र माझी झोप उडवली.

श्वास कसा मोजायचा हे तुला शिकवलेलं आहे. नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर छातीवर ठेवायची, कारण रोग्याला कळलं की त्याचा श्वास बदलतो. पूर्ण एक मिनिट. मोठ्या माणसाचे साधारण 12 ते 20. कालपर्यंत सोळा असलेल्याचे आज चोवीस झाले, तर पुष्कळदा रक्तदाब ढासळायच्या आधीच शरीर हाक मारत असतं. ती हाक ऐकायला रात्री तीन वाजता तिथे पाळकसाहेब नसतात, डॉक्टरही नसतात. तू असतेस. न मोजता वीस लिहिलंस, तर त्या माणसाविषयी खोटी साक्ष दिलीस. ‘खोटी साक्ष देऊ नको’ ही नववी आज्ञा संडे स्कूलमध्ये तोंडपाठ म्हणून बक्षीस घेतलं होतंस ना? मग मोजून लिही.

"जे काही करता ते प्रभूसाठी म्हणून करा" हे आपण लग्नपत्रिकांवर छापतो. कलस्सैकरांस पत्राचा तिसरा अध्याय उघड आणि ते कोणाला लिहिलंय ते बघ. दासांना! ज्यांना काम निवडायची, सोडायची मुभाच नव्हती, त्यांना. ते पत्र लिहिणारा पौल स्वतः करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याकडे राहून तंबू शिवत होता. देवाच्या सेवेचं पाचारण आल्यावर त्याने सुई फेकून दिली नाही.

केडगावच्या मुक्ती मिशनला तू सहलीला जाऊन आलीस, फोटोही काढलेस. तिथल्या छापखान्यात आश्रमातल्या बाया-मुलींनी पंडिता रमाबाईंनी भाषांतर केलेल्या मराठी बायबलचे छपाईचे खिळे जुळवले. अक्षरं उलटी, एकेक खिळा उचलायचा, काना-मात्रा बसवायची, ओळ झाली की तपासायची. 1922 साली रमाबाई गेल्या, आणि संपूर्ण बायबल छापून निघालं 1924 मध्ये. रमाबाईंचं नाव सगळ्यांना माहीत आहे. त्या मुलींपैकी एकीचं तरी नाव तुला सांगता येईल? मलाही येत नाही. तरी त्यांची प्रत्येक ओळ देवाच्या गौरवाचीच होती, हे मी कोणाशीही भांडून सांगेन.

भांडलेही आहे. महिला मंडळात मला ऐकवलं गेलं की हिला प्रार्थनासभेपेक्षा ड्यूटी प्यारी. नाताळच्या सकाळी मी वॉर्डात असायची, मुलं नवे कपडे घालून वडिलांबरोबर उपासनेला जायची. त्यांचं ते लहानपण परत येणार नाही, त्याची हळहळ आजही आहे. पण रोगी टाकून मी पुढच्या बाकावर जाऊन बसायला हवं होतं का? तेव्हाही नाही वाटलं, आता सत्तरीतही वाटत नाही. उपास कर, गीतं गा, साक्ष दे, सगळं कर. पण आधी मोजून लिही.

बायबल कॉलेजला माझा विरोध नाही. पाचारण असेल तर मी स्वतः शिफारसपत्र देईन, पहिल्या वर्षाची फीही भरेन. कंटाळ्याला पाचारण म्हणशील तर मात्र नाही देणार. इथे चार्टमध्ये वीस लिहिणारी तिथे जाऊन न वाचलेल्या अध्यायावर प्रवचन देईल. रागावलीस तरी चालेल, पण हे तुला दुसरं कोणी सांगणार नाही.

तीन महिने थांब. सेकंदकाट्याचं साधं घड्याळ घे, मोबाइलवर मोजू नकोस, मध्येच मेसेज येतो आणि आकडा चुकतो. सगळे रोगी एका रात्रीत नाही झाले तर ऑपरेशन होऊन आलेले आणि दम लागणारे आधी घे. जे झाले नाहीत तिथे रकाना कोरा ठेव आणि सकाळी इनचार्ज सिस्टरला तोंडावर सांग की माणसं कमी पडली. बोलणी बसतील, ती खा. मग फॉर्म घेऊन ये, आपण बसून भरू.

तुझी,
मावशी