पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर ट्रान्सप्लांट: आधी ती ऑपरेशन नोट मिळवा

ताई, तुमच्या मिस्टरांची पित्ताची पिशवी दुर्बिणीतून काढताना पित्तनळी कापली गेली, जोडणी करूनही कावीळ-ताप थांबेना आणि आता यकृताच्या ट्रान्सप्लांटचं चाललंय, हे वाचून माझ्या धाकट्या बहिणीची जाडजूड फाईलच आठवली. स्टेंट, पीटीबीडी (त्वचेतून यकृतात नळी घालून पित्त बाहेर काढणं), कमरेला लटकणारी पित्ताची बॅग, हे तुम्हाला मी नव्याने काय सांगणार?

पहिल्या ऑपरेशनची नोट आणि असेल तर व्हिडिओ ताब्यात घ्या. डिस्चार्ज कार्डावर भागत नाही. आमच्या कार्डावर 'शस्त्रक्रिया सुरळीत' एवढंच होतं! नळी कुठे कापली, क्लिपा कुठे लावल्या, यकृताच्या उजव्या धमनीला इजा झाली का, हे ट्रान्सप्लांटवाल्या सर्जनने पहिल्याच भेटीत विचारलं. पहिल्या हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात मात्र कधी 'फाईल गोडाऊनला', कधी 'साहेब रजेवर', आणि एकदा चक्क 'केस करणार आहात का?' अर्ज ठेवून घेतला, पण पोच देईनात. तिकडे बहिणीला थंडी वाजून ताप येतोय. शेवटी मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत रेकॉर्ड ७२ तासांत द्यायचं लिहिलंय, तो नियम अर्जात टाकून रजिस्टर पोस्टाने पाठवला, तेव्हा कुठे कागद हलले. तोवर नव्या डॉक्टरांनी सीटी अँजिओ (रक्तवाहिन्यांचा स्कॅन) करून धमनी बंद असल्याचं शोधलंही होतं.

मी डॉक्टर नाही, सगळ्यांची केस सारखीही नसते. पण वारंवार ताप म्हणजे ट्रान्सप्लांटच, असं नाही. यकृत अजून शाबूत असेल तर एखाद्या मुरलेल्या एचपीबी (यकृत, स्वादुपिंड, पित्तमार्गाच्या) सर्जनला जोडणी पुन्हा करता येईल का, ते विचारा. सिरॉसिस पक्का झाला असेल तर गोष्ट वेगळी. आणि यकृताचा आजार किती गंभीर ते सांगणारा मेल्ड स्कोअर कमी म्हणून निर्धास्त राहू नका. तो बिलिरुबिन, क्रिएटिनिन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी), हल्ली सोडियम असल्या रक्ताच्या आकड्यांवर निघतो. रात्रभरची खाज आणि पुन्हा पुन्हा होणारा जंतुसंसर्ग त्यात धरत नाहीत, त्यामुळे झेडटीसीसीच्या (मृत दात्यांचे अवयव वाटणाऱ्या विभागीय केंद्राच्या) यादीत नाव असूनही माणूस मागेच राहू शकतो. म्हणून आम्ही घरातलाच दाता पाहिला.

दाते मेव्हणे, म्हणजे बहिणीचे मिस्टरच होते. तुम्ही स्वतः देणार असाल तर विवाह नोंदणीचा दाखला काढून ठेवा. बहिणीच्या आधारवर माहेरचं नाव, पॅनवर सासरचं. कागद तपासणारे तिथेच अडले. नावदुरुस्तीला वेळ लागतो, रक्तगट जुळायची वाट न बघता तेवढं काम सुरू करा.