मांडव नेमका कुठे होता?

फोंड्याच्या एका भगिनीचं पत्र आहे. नवरा गोव्याचाच. वडिलांचा जन्म 1961 पूर्वीचा, म्हणजे गोव्यातल्या पोर्तुगीज राजवटीतला, त्या आधारावर तो पोर्तुगीज नागरिक झाला. 2016 पासून इंग्लंडमधल्या स्विंडनला आहे आणि ब्रिटनचं सेटल्ड स्टेटस, म्हणजे तिथे कायम राहण्याचा हक्क, हातात आहे. साखरपुडा 2019 मध्ये झाला, मे 2020 चा मुहूर्त लॉकडाऊनमध्ये गेला आणि डिसेंबर 2020 च्या पहिल्या आठवड्यात लग्न लागलं. सब-रजिस्ट्रारकडे विवाह नोंदणीची पहिली सही त्याच महिन्यात, दुसरी मात्र फेब्रुवारी 2021 मध्ये. पुढे एजंटामार्फत बायको म्हणून फॅमिली परमिटचा, म्हणजे नवऱ्याकडे ब्रिटनला जाण्याच्या परवान्याचा, अर्ज केला, तो फेटाळला गेला. आता अपील करावं, की स्वतःच पोर्तुगीज पासपोर्ट काढून स्विंडन गाठावं, असं त्या विचारतात.

मडगाव, म्हापशाहून अशी पत्रं नेहमी येतात, त्यामुळे ब्रेक्झिटचं पुराण पुन्हा लावत नाही. ब्रेक्झिटआधीपासून ब्रिटनमध्ये राहणाऱ्या युरोपीय नागरिकांसाठी आणि त्यांच्या कुटुंबासाठी असलेल्या ईयू सेटलमेंट स्कीमखाली बायको म्हणून जायचं, तर लग्न 31 डिसेंबर 2020 च्या रात्री 11 च्या आत झालेलं हवं. तुमच्या दाखल्यावर फेब्रुवारी आहे. तिथल्या अधिकाऱ्याने दाखला वाचला आणि अर्ज बाजूला ठेवला. लॉकडाऊनमुळे लग्न लांबलं ही सबबही चालणार नाही. सेलिक खटल्यात इंग्लंडच्या कोर्ट ऑफ अपीलने 2023 मध्ये ती फेटाळली आहे.

तुमच्या चार पानी पत्रात पाहुण्यांची संख्यासुद्धा आहे, फक्त लग्न कुठे लागलं ते नाही. शेवटच्या पानावर माहेर सावंतवाडीचं असल्याचा ओझरता उल्लेख आहे. तुमचं सगळं प्रकरण त्या एका ओळीपाशी अडलंय.

मांडव फोंड्यात असेल तर होम ऑफिसचं, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याचं, बरोबर आहे. गोव्यात हिंदू विवाह कायदा लागू नाही. तिथे पोर्तुगीज काळातला 1910 चा विवाह कायदा चालतो आणि हिंदूंचं लग्न सिव्हिल रजिस्ट्रारपुढे दुसरी सही होते तेव्हाच कायद्याने लागतं. आधीचे होम, अक्षता, पंगती हा घरचा सोहळा. पहिली सही म्हणजे लग्न करण्याचा इरादा जाहीर करणं, त्यापुढे काही नाही.

पण मांडव सावंतवाडीत असेल, तर तिथे 1955 चा हिंदू विवाह कायदा आहे. कलम 7 म्हणतं, जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं. कलम 8 म्हणतं, नोंदणी राहिली म्हणून लग्न बाद होत नाही. म्हणजे तुमचं लग्न डिसेंबरातलंच ठरू शकतं आणि फेब्रुवारीचा दाखला ही नंतरची नोंद. ‘ठरू शकतं’ एवढंच म्हणते, कारण नवरा मूळ गोव्याचा आणि नागरिक पोर्तुगालचा, हे दोन्ही मुद्दे समोरचा काढणारच. शिवाय गोव्याच्या दाखल्यावर लग्नाची तारीख फेब्रुवारी लिहिलेली असताना डिसेंबरची तारीख सांगायची, तर त्याचं नीट, लेखी स्पष्टीकरण लागेल. पुराव्याला मंगल कार्यालयाची पावती, भटजींचं प्रतिज्ञापत्र आणि मोबाइलमधल्या मूळ फोटोंच्या फाइली, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून आलेल्या नव्हेत. आणि मांडव फोंड्यातच असेल तर तो कागदोपत्री सावंतवाडीला नेऊ नका. एजंट सुचवेल. खोटा कागद पकडला गेला, तर पुढचा प्रत्येक अर्ज त्याच संशयाने वाचला जाईल.

फोंड्यातच लग्न लागलं असेल तरी दार पूर्ण बंद नाही. तुम्ही तेव्हा ब्रिटनबाहेर होतात. अशा जोडीदाराला ‘ड्युरेबल पार्टनर’ म्हणून अर्ज करता येतो, नातं 31 डिसेंबर 2020 पूर्वीच पक्कं होतं आणि आजही आहे एवढं दाखवलं तर. एजंटाने हा रकानाच भरला नाही, पहिल्या सहीचा कागदही जोडला नाही. सरकारी शिक्क्याचा, तुमच्या दोघांच्या सह्यांचा, डिसेंबर 2020 चा कागद! फोंड्याच्या सब-रजिस्ट्रारकडून त्याची प्रमाणित प्रत आधी काढा. सोबत साखरपुड्यापासूनचे पैसे पाठवल्याचे बँक उतारे, नवऱ्याची विमानाची तिकिटं. मात्र नियमाची साधारण अपेक्षा दोन वर्षं एकत्र राहण्याची असते, नाहीतर तितकाच ठोस दुसरा पुरावा लागतो. तुमचा नवरा वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. त्यामुळे हमी देत नाही.

आता अपील. परदेशातून अपिलाला 28 दिवस असतात. तुमचं नकारपत्र येऊन सात महिने झाले आणि एवढे दिवस ते एजंटाच्या खणात पडून होतं. उशीर माफ करायचा की नाही हे ट्रायब्युनलच्या मर्जीवर, आणि माफ झाला तरी तारखेची वाट पाहण्यात पुढचा गणेशोत्सव जाईल. या परमिटच्या अर्जाला फी नाही. नवा, नीट बांधलेला अर्ज करा. परमिट मिळालं तर ब्रिटनमध्ये पोचल्यापासून तीन महिन्यांत स्कीमखालचा अर्ज करायचा, हे आताच लिहून ठेवा.

तेही फसलं तर ब्रिटनचा साधा स्पाउस व्हिसा. एप्रिल 2024 पासून त्याला वर्षाला 29,000 पौंड उत्पन्न लागतं. आरोग्य अधिभार वर्षाला 1,035 पौंड, पहिल्या व्हिसाला तीन वर्षांचा एकदम. नवऱ्याच्या पगाराचा आकडा तुम्ही कळवलेला नाही.

पोर्तुगीज पासपोर्टचा मार्ग खरा आहे, पण तो स्विंडनला जात नाही. 2021 पासून नव्याने जाणाऱ्या पोर्तुगीज माणसालाही ब्रिटनमध्ये राहायला व्हिसा लागतोच. पोर्तुगालच्या 1981 च्या नागरिकत्व कायद्याने लग्नाला तीन वर्षं झाली की जोडीदाराला अर्ज करता येतो, पण त्याआधी लग्नाची नोंद पोर्तुगालच्या दप्तरी व्हायला हवी. ती केलीत का? पत्रावरून तरी नाही वाटत. बहुतेक नवरे लिस्बनच्या दप्तरात वर्षानुवर्षं अविवाहितच असतात. पोर्तुगालशी संबंध नाही म्हणून तिथलं सरकार हरकत घेऊ शकतं. 2020 च्या दुरुस्तीने लग्नाला सहा वर्षं झाली असतील, किंवा पोर्तुगीज नागरिक असलेलं मूल असेल, तर ती हरकत उरत नाही. तुम्हाला मूल नाही, तेव्हा सहा वर्षांचा हिशेब बघा. 2025 पासून त्या कायद्याच्या दुरुस्त्यांवरून लिस्बनमध्ये वाद पेटलाय, म्हणून अर्जाच्या दिवशीचं कलम वाचूनच सही करा.

त्यापेक्षा जवळची वाट, नवरा तयार असेल तर, आयर्लंड. पोर्तुगीज नागरिकाने डब्लिनला नोकरी धरली की युरोपीय संघाच्या 2004 च्या निर्देशाने बायकोला राहण्याचा हक्क मिळतो. पगाराची ठरलेली किमान रक्कम नाही आणि रेसिडेन्स कार्डाचा निर्णय सहा महिन्यांत द्यावा लागतो. सलग पाच वर्षं ब्रिटनबाहेर राहिला तर त्याचं सेटल्ड स्टेटस जाईल, हे घरात बोलून घ्या.

भारतीय नागरिकत्व कायद्याचं कलम 9 तुम्हाला ठाऊक असेलच. परका पासपोर्ट घेतला की इथलं नागरिकत्व आपोआप संपतं. कपाटात दोन पासपोर्ट ठेवणारी मंडळी गोव्यात कमी नाहीत, त्यांचं ऐकू नका. माहेरच्या शेतजमिनीत नाव असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते) घेण्याआधी मला कळवा.

लग्नस्थळाची पावती, पहिल्या सहीची प्रमाणित प्रत आणि नकारपत्राची सगळी पानं पाठवा. एजंटाने भरलेल्या जुन्या अर्जाचीही प्रत हवी, त्यात लग्नाची तारीख आणि ठिकाण काय टाकलंय ते मला पाहायचंय. तोवर कशावरही सही करू नका.